पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल उलगडून मराठी घराण्यांच्या वंशावळी लावणारे रियासतकार

गेल्या काही वर्षांत पुण्यात एका माणसाला अचानक भाव आलाय. मोडी वाचता येणाऱ्या माणसाला.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि गावोगावचे जुने कागद बाहेर निघाले. पणजोबाचं नाव कागदावर आहे म्हणतात, पण ते मोडीत आहे, मग वाचायचं कोणी? शिवाय हल्ली बऱ्याच घराण्यांना आपला कुलवृत्तांत काढायचा असतो. मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, कोणत्या पिढीत घाट चढून वर आलो, इनाम कोणी दिलं, हे सगळं शोधून द्यायला माणूस लागतो. तो मोबदला घेतो, दफ्तरात बसतो, महिनोन्महिने धूळ खातो आणि शेवटी एक वंशवृक्ष हातात ठेवतो.

हा धंदा आपल्याकडे नवीन नाही. मराठा घराण्यांकडे भाट यायचे, दक्षिणेकडच्या सीमाभागात हेळवी यायचे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर आजही आहेत. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचा खापरपणजोबा कधी आला होता ते निघतं.

पण कागद हातात घेऊन, तारखा लावून, कोण कोणाचा मुलगा हे तपासत एकामागून एक मराठी घराण्यांचा गुंता ज्यांनी सोडवला त्यांच्यात एक नाव फार मोठं आहे. गोविंद सखाराम सरदेसाई, म्हणजेच रियासतकार सरदेसाई.

त्यांचा जन्म १८६५ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. घरची परिस्थिती बेताची. शाळा रत्नागिरीत झाली, मग पुण्याचं फर्ग्युसन, मग मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज. १८८८ साली बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या कोकणी मुलापुढे दोन सरळ वाटा असायच्या, मास्तरकी किंवा सरकारी कचेरी. सरदेसाईंना तिसरीच वाट मिळाली. १८८९ मध्ये ते बडोद्याला महाराज सयाजीराव गायकवाडांच्या खासगी नोकरीत लागले.

आता गंमत बघा. वंशावळीची ताकद काय असते हे शिकायला बडोद्याइतकी चांगली शाळा दुसरी नव्हती. कारण खुद्द महाराज गादीवर बसले होते ते वंशावळीच्या जोरावर.

१८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायला परवानगी मिळाली, आणि गायकवाडांच्या शाखा कुठे कुठे पसरल्यात याचा शोध सुरू झाला. नाशिककडच्या मालेगावजवळ कवळाणे नावाचं खेडं आहे, तिथे गायकवाडांची एक शाखा शेती करून राहत होती. तिथले काशीराव आपल्या तीन मुलांना घेऊन बडोद्याला पोचले. त्यातला मधला, बारा वर्षांचा गोपाळ निवडला गेला आणि त्याचा सयाजीराव झाला. कवळाण्याच्या लोकांनी आपण कोणाचे हे विसरून टाकलं असतं, किंवा ते सिद्ध करता आलं नसतं, तर हा मुलगा शेतातच राहिला असता.

अशा महाराजांना वाचून दाखवणं, टिपणं काढणं, राजपुत्रांना शिकवणं ही सरदेसाईंची कामं. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी मॅकियाव्हेलीच्या ‘द प्रिन्स’चं मराठी भाषांतर केलं. महाराजांबरोबर युरोपच्या वाऱ्याही झाल्या.

राजपुत्रांना इतिहास शिकवताना अडचण आली, की मराठीत सलग इतिहासाचं पुस्तकच नव्हतं. ग्रँट डफ होता, पण तो इंग्रजीत आणि साहेबाच्या नजरेने लिहिलेला. मग सरदेसाईंनी स्वतःच टिपणं काढायला सुरुवात केली. त्यातून १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ आली. १९०२ पासून ‘मराठी रियासत’चे भाग यायला लागले आणि ते पुढे तीसेक वर्षं येत राहिले. नोकरी सांभाळून हे सगळं चालू होतं. लोकांनी त्यांना रियासतकार म्हणायला सुरुवात केली ती या पुस्तकांमुळे.

मराठ्यांचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. लढाया, तह, स्वाऱ्या नंतर. आधी कोण कोणाचा कोण हे कळलं पाहिजे. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांचंच घ्या. राणोजी शिंद्यांचे मुलगे जयाप्पा, दत्ताजी, तुकोजी, महादजी. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी १७६० मध्ये बुराडी घाटावर. जयाप्पांचा मुलगा जनकोजी आणि काका तुकोजी १७६१ च्या पानिपतात गेले. सहा वर्षांत घर जवळजवळ रिकामं झालं. उरले ते महादजी. तुम्ही म्हणाल मग प्रश्न काय होता? प्रश्न आईचा होता. महादजी राणोजींच्या दुसऱ्या नात्यातून झालेले, त्यामुळे सरदारकीवर त्यांचा हक्क की तुकोजींच्या मुलाचा, केदारजीचा, यावर पुण्यात काही वर्षं राजकारण शिजत राहिलं. १७६८ मध्ये सरदारकी महादजींकडे पक्की झाली. पुढे दिल्लीचा बादशहा ज्याच्या शब्दावर चालला तो माणूस सात वर्षं वंशावळीच्या एका फांदीवर लटकलेला होता.

साताऱ्याचं प्रकरण त्याहून भारी. छत्रपती शाहू १७४९ मध्ये वारले, त्यांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी सांगितलं की माझा नातू लपवून वाढवलाय, तो रामराजा. त्याला गादीवर बसवलं. वर्षभरात ताराबाईंचं आणि त्याचं बिनसलं. तेव्हा त्याच ताराबाईंनी त्याला कैदेत टाकलं आणि हा माझा नातूच नाही असं जाहीर केलं. पुढे जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. आता इतिहासकाराने भोसल्यांच्या वंशवृक्षात रामराजाला कुठे लिहायचं? सरळ रेघेने जोडायचं की तुटक रेघेने?

आणि पानिपतात सदाशिवरावभाऊ गेल्यावर उभा राहिलेला तोतया. मीच भाऊ असं सांगणारा तो माणूस वर्षानुवर्षं कैदेत होता, मग सुटला, त्याच्यामागे लोक गोळा झाले, किल्ले त्याच्या बाजूला गेले. १७७६ मध्ये त्याला मारलं तेव्हा ते प्रकरण मिटलं. ओळख पटवणं हा किती रक्ताचा प्रश्न होता ते यावरून कळावं.

बडोद्याची नोकरी सरदेसाईंनी १९२५ मध्ये सोडली. वयाची साठी झाली होती. पुण्यात न राहता ते पुणे–लोणावळा रस्त्यावर कामशेतला इंद्रायणीकाठी घर करून राहिले.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सरदेसाईंना दोन मुलगे होते आणि दोघेही बापाच्या हयातीतच गेले. त्यातला श्यामकांत फार हुशार. टागोरांच्या शांतिनिकेतनात शिकला, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला आणि तिथेच आजारी पडून वारला. त्याची घरी आलेली पत्रं नंतर ‘श्यामकांतची पत्रे’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत बाप-लेकांच्या जोड्या जुळवल्या, त्याच्या स्वतःच्या हातात मुलाची पत्रं तेवढी उरली.

या दुःखावर ते मोठमोठ्याने बोलत बसले नाहीत. साठीनंतर त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हातात घेतलं, आणि ते काम होतं पुण्यात.

पुण्यात कौन्सिल हॉलच्या जवळ एक जुनी दगडी इमारत आहे. तिला लोक पेशवे दफ्तर म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई गेली तेव्हा शनिवारवाड्यातले आणि इतर ठिकाणचे कारभाराचे कागद इंग्रजांनी ताब्यात घेतले. त्यांना इतिहासाचं प्रेम होतं म्हणून नव्हे. कोणाकडे कोणती जमीन, कोणतं इनाम, कोणतं वतन हे कळल्याशिवाय सारा वसूल करता येत नव्हता.

मग १८५२ मध्ये इनाम कमिशन आलं. हा शब्द दख्खनेतल्या जुन्या घरांत दोन-तीन पिढ्या धसका देत राहिला. ज्यांच्याकडे इनाम जमीन आहे त्यांनी ती कशी मिळाली ते सिद्ध करा, असा हुकूम निघाला. सनद दाखवा. सनद ज्याच्या नावाची आहे त्याचे तुम्ही वंशज कसे ते दाखवा. म्हणजे वंशावळ द्या. तुम्ही दिलेले कागद आणि पेशवे दफ्तरातले कागद ताडून बघितले जात. जुळलं तर ठीक, नाहीतर जमीन सरकारजमा. हजारो घरांची इनामं अशी गेली. बऱ्याच मराठी घरांतल्या आजच्या वंशावळींचा पहिला लेखी कागद त्या धावपळीत तयार झालेला असतो, हे आपल्याला सहसा माहीत नसतं.

कमिशनचं काम संपल्यावरही दफ्तराची दारं अभ्यासकांना बंदच राहिली. सरकारला भीती, की कोणी कागद काढून जमिनीचे दावे ठोकेल, नाहीतर राजकारण करेल. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून काही निवडक रोजनिशी उतरवल्या, न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांची दखल घेतली, पण तेवढंच. पुण्यातच १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ उभं होतं. इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांच्या पिढीतले लोक घरोघर फिरून, माळ्यावरची दफ्तरं उतरवून, लोकांच्या विनवण्या करून कागद जमवत होते. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सगळ्यात मोठा साठा कुलुपात पडून होता.

१९३० च्या सुमाराला मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साईक्स यांच्या काळात कुलूप उघडलं. त्यामागे बंगालचे इतिहासकार सर जदुनाथ सरकार यांचा जोर होता. जदुनाथ आणि सरदेसाई यांची दोस्ती पन्नास वर्षांहून जास्त टिकली. एक औरंगजेबाचा अभ्यासक, दुसरा मराठ्यांचा, पण दोघं मिळून किल्ले आणि रणांगणं पायाखाली घालायचे आणि एकमेकांना अखंड पत्रं लिहायचे. जदुनाथांनी सरकारला नाव सुचवलं सरदेसाईंचं.

यावर पुण्यात नाराजी झालीच. इतकी वर्षं दारात उभे राहिलेले आम्ही, आणि आत जाणार बडोद्याहून निवृत्त झालेले गृहस्थ? मंडळातल्या संशोधकांचा आक्षेप अगदीच पोरकट नव्हता. सरदेसाई मूळचे संकलक. इतरांनी छापलेल्या साधनांवरून त्यांनी रियासती रचल्या होत्या. सरकारने एकाच माणसाच्या हातात किल्ली द्यावी हे कोणालाही खटकावं.

पण काम बघा कसलं होतं. आत मोडी कागदांचे सत्तावीस हजारांवर रुमाल होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. एकेका रुमालात शेकडो कागद. सूची नाही, क्रम नाही. य. न. केळकर, कृ. पां. कुलकर्णी यांच्यासारखे मदतनीस बरोबर होते. सरकारने मुदत आणि पैसा दोन्ही मोजून दिलेलं.

आणि कागदावर तारीख असेलच असं नाही. असली तरी ती आपल्या ओळखीची नसते. पत्राच्या शेवटी ‘छ’ लिहून पुढे एक आकडा आणि मुसलमानी महिना असतो. छ म्हणजे चंद्र. म्हणजे रजब महिन्याचा सातवा चंद्र वगैरे. वर्ष बहुतेक वेळा नसतंच, कारण पत्र ज्याला पाठवलं त्याला वर्ष माहीत होतं! जिथे वर्ष असतं तिथे ते शुहूर सनात आणि अरबी शब्दांत, तेही उलट्या क्रमाने. इहिदे सितैन मया व अलफ. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. पावसाळ्यातलं पत्र असेल तर १७६०, पुढच्या जानेवारीतलं असेल तर १७६१. म्हणजे पानिपतचं साल.

वर्ष नसेल तर मग नात्यांवरून वर्ष काढायचं. पत्रात एखाद्याला कैलासवासी म्हटलंय म्हणजे तो गेल्यानंतरचं पत्र. मुलाच्या मुंजीचा उल्लेख आहे म्हणजे मूल आठ-दहाच्या आसपास. माधवराव लिहिलंय, पण कोणता? आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत अभ्यासकाच्या मुळावर येते. पेशव्यांचीच यादी बघा. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ, माधवराव नारायण, पुन्हा बाजीराव. बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा. मधलं नाव वाचायला चुकलात की पत्र एका पिढीने सरकतं आणि मेलेला माणूस स्वारीवर निघतो. वंशावळ जवळ असल्याशिवाय दफ्तर वाचताच येत नाही, आणि दफ्तर वाचल्याशिवाय वंशावळ पक्की होत नाही. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खणत होते.

वतनाच्या तंट्यांचे कागद म्हणजे तर घराण्यांची खाणच. पाटीलकी किंवा देशमुखीवरून भाऊबंद भांडायचे तेव्हा प्रत्येक बाजू आपला करीना द्यायची. आमचा मूळपुरुष अमुक, त्याला मुलगे इतके, थोरला आमचा, म्हणून पानविड्याचा पहिला मान आमचा. समोरची बाजू नेमकं उलटं सांगायची. गोतसभा बसायची, महजर व्हायचा. आज कोणी आपल्या घराण्याचा असा करीना सापडला म्हणून हरखून जातो, तेव्हा माझ्या मनात येतं, की समोरच्या भावकीचा कागदही शोधा. एका बाजूच्या करीन्यावरून वंशावळ लावणं म्हणजे एकाच वकिलाचं ऐकून निकाल देणं.

१९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून निघाले. पहिला खंड उदगीरच्या लढाईवर, दुसरा पानिपतावर. एक अख्खा खंड बाजीराव आणि त्यांच्या कुटुंबावर. मस्तानीचं प्रकरण गावगप्पांतून उचलून कागदावर आणायला या खंडाची मदत झाली. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर पानिपतच्या जखमांनी गेला, त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात गेला आणि पुढे बांद्याचे नवाब झाले. पेशव्यांच्या वंशवृक्षात ही फांदी काढायची की नाही, यावर आजही कोणाकोणाच्या भुवया चढतात. कागद मात्र ती काढायलाच लावतात.

खंडांवर टीका झाली. निवड कोणत्या निकषावर केली, तारखा कुठे चुकल्या, क्रम विस्कळीत आहे, घाई झाली. यातली बरीच टीका रास्त आहे. इतक्या रुमालांतून साडेआठ हजारांच्या आसपास कागद छापले गेले, म्हणजे समुद्रातून घागर. पण ती घागर भरली नसती तर पुढच्या अभ्यासकांना समुद्र कुठे आहे हेही कळलं नसतं. पुण्याच्या संशोधकांनीही हे खंड पुढे सगळीकडे वापरले, हे त्यांच्या तळटीपा चाळल्या की दिसतं.

दफ्तराचं काम संपलं तेव्हा सरदेसाई सत्तरीला टेकले होते. तरी थांबले नाहीत. जदुनाथांबरोबर पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचे खंड काढले. नव्या कागदांमुळे आपल्याच जुन्या रियासतींमधलं काय बदलायला हवं ते मान्य करून मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. तो १९४६ ते १९४८ च्या दरम्यान आला. तेव्हा वय ऐंशीच्या पुढे.

नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र दिलं. १९५७ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं. आणि त्याच वर्षी एक पुस्तक आलं जे आज फारसं कोणाच्या बोलण्यात नसतं, पण घराण्यांचा शोध घेणाऱ्याच्या टेबलावर हमखास सापडतं. ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’.

या पुस्तकात गोष्ट नाही, वर्णन नाही. नावं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. भोसले, शिंदे, होळकर, गायकवाड, पेशवे आणि त्यांच्याभोवतीची घराणी. वरवर बघितलं तर कोरडं. पण एकेका रेघेमागे कुठल्यातरी रुमालातला कागद आहे, कोणाचा तरी दावा आहे, कोणी तरी खोडून काढलेली सावत्र आई आहे.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, जदुनाथ गेले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेतच्या घरी रियासतकारही गेले. वय चौऱ्याण्णव.

कौन्सिल हॉलजवळचं दफ्तर आता पुणे पुराभिलेखागार आहे. रुमाल तिथेच आहेत आणि त्यातले बहुसंख्य अजून छापलेले नाहीत. कोणी पाटीलकीच्या सनदेची झेरॉक्स घेऊन येतो, कोणी आजीने सांगितलेलं एक गावाचं नाव घेऊन येतो. अर्ज भरायचा, रुमालाचा क्रमांक द्यायचा आणि शिपाई गाठोडं आणून टेबलावर ठेवेपर्यंत वाट बघत बसायचं.